दोरातली ढील : झाडावर सुरक्षित चढण्याचे विज्ञान

झाडावरून पडणाऱ्या माणसाला इजा कशामुळे होते? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी 'उंचीमुळे' असे सांगतात. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. हवेतून खाली येत असताना माणसाला काहीच होत नाही. इजा होते ती थांबताना. किती अंतर पडलो आणि किती अंतरात थांबलो, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. म्हणूनच ६ मीटर उंचीवर नीट बांधून घेतलेला माणूस सुखरूप राहतो, आणि त्याच उंचीवर कमरेला दोर असूनही दुसऱ्याची बरगडी मोडते. दोन्ही दोर सारखेच मजबूत असतात. फरक असतो तो दोरातल्या ढिलीचा.

ही ढील समजून घेण्यासाठी आपण एक परदेशी उदाहरण घेऊ. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक झाडावर बसून वाट पाहतात. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण वासाला आणि हालचालीला फार सावध असते, म्हणून शिकारी जमिनीपासून ५-६ मीटर वर जातो. पूर्वी यासाठी लोखंडी मचाण झाडाला बांधत. अलीकडे बरेच जण मचाणाऐवजी 'सॅडल' वापरतात. सॅडल म्हणजे खोगीर; मात्र हे खोगीर घोड्याच्या पाठीवर नसते, तर शिकाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना असते. ते घालून शिकारी खोडाला बांधलेल्या दोरावर रेलून तासन् तास बसतो. या प्रकाराला तेथे 'सॅडल हंटिंग' म्हणतात.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. अमेरिकेतही परवाना आणि ठरावीक हंगाम यांचे बंधन असतेच. आपल्याला शिकार करायची नाही. शिकाऱ्याची चढण्याची साधने मात्र पाहण्यासारखी आहेत, कारण नववी-दहावीच्या यामिकीतील जवळजवळ सर्व नियम त्यांत एकत्र सापडतात. शिवाय नारळावर चढणारे आणि विजेच्या खांबावर चढणारे आपल्याकडचे लोक याच नियमांच्या आधारे काम करतात.

साहित्य कोणते?

सॅडल हा रुंद, विणलेल्या पट्ट्यांचा झोळीसारखा पट्टा असतो. त्याच्या पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक फास असून त्यांना जोडणारा एक आखूड दोर पोटासमोर असतो. त्याला 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात. खोडाभोवती दुसरा एक दोर आवळलेला असतो. त्याला आपण 'आधारदोर' म्हणू. पूल आणि आधारदोर यांना जोडते ती कुलूप लागणारी धातूची कडी, म्हणजे कॅराबिनर. आपल्याकडील गिर्यारोहकांना ती चांगली परिचयाची आहे.

चढताना मात्र वेगळा दोर लागतो. तो कमरेच्या एका बाजूच्या फासातून निघून खोडाला वळसा घालतो आणि दुसऱ्या बाजूच्या फासात अडकतो. विजेच्या खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या पट्ट्यासारखाच तो असतो, म्हणून त्याला 'वायरमनचा दोर' म्हणायला हरकत नाही. पाय ठेवण्यासाठी खोडाला पट्ट्यांनी आवळून बांधायच्या लहान शिड्या असतात आणि वर पोचल्यावर उभे राहायला पाटाएवढी एक फळी असते. एवढेच साहित्य.

पडण्याचा हिशेब

समजा, ७० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस ६ मीटर उंचीवरून दोराशिवाय पडला. गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरल्यास जमिनीला टेकतानाचा वेग √(२ × ९.८ × ६), म्हणजे सुमारे १०.८ मीटर प्रति सेकंद येतो. ताशी ३९ किलोमीटर! आणि यासाठी वेळ लागतो फक्त १.१ सेकंद. 'पडताना फांदी धरू' असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता थांबण्याचा विचार करू. पडताना आणि थांबताना मिळून वजनाने केलेले सर्व कार्य थांबवणाऱ्या बलाला थांबण्याच्या अंतरात संपवावे लागते. त्यावरून एक सोपे सूत्र मिळते :

सरासरी बल = वजन × (१ + पडण्याचे अंतर ÷ थांबण्याचे अंतर)

६ मीटर पडलेला माणूस १० सेंटिमीटरमध्ये थांबला असे मानले, तर हे बल त्याच्या वजनाच्या ६१ पट होते. हाडे मोडतात ती या बलामुळे.

हेच सूत्र आता दोराला लावू. दोर ताणला जातो, गाठी आवळल्या जातात, पट्टे अंगात रुततात. या सर्वांतून थांबण्यासाठी सुमारे १० सेंटिमीटर अंतर मिळते असे समजू. आधारदोर आणि पूल मिळून खोडापासून कमरेपर्यंतची लांबी ६० सेंटिमीटर आहे. शिकारी खोडाला खेटून फळीवर उभा असताना त्याचा पाय घसरला, तर काय होईल? दोर कोठे बांधला आहे, यावर उत्तर अवलंबून आहे.

पहिला प्रकार : दोर पायांच्या पातळीवर, म्हणजे कमरेच्या १ मीटर खाली बांधला आहे. माणूस आधी १ मीटर खाली येईल आणि नंतर दोराची लांबी संपेपर्यंत आणखी ६० सेंटिमीटर जाईल. एकूण १.६ मीटर. बल वजनाच्या १७ पट, म्हणजे सुमारे ११,७०० न्यूटन.

दुसरा प्रकार : दोर कमरेच्या पातळीवर आहे. पडण्याचे अंतर ६० सेंटिमीटर. बल ७ पट, म्हणजे सुमारे ४,८०० न्यूटन.

तिसरा प्रकार : दोर कमरेच्या ६० सेंटिमीटर वर, म्हणजे साधारण कपाळाच्या उंचीवर आहे. दोर आधीच ताठ आहे. पडण्याचे अंतर शून्य!

उंचीवर काम करणाऱ्यांसाठी युरोपात जी मानके आहेत, त्यांनुसार पडणाऱ्याला झेलताना शरीरावर येणारे बल ६,००० न्यूटनच्या आत असावे लागते. तेही छाती, खांदे आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण पट्टा घातला असेल तर. सॅडल फक्त कमर आणि मांड्या धरते. तेव्हा पहिला प्रकार जीवघेणा ठरू शकतो, दुसरा धोक्याचा आहे आणि तिसराच बरोबर आहे. सॅडल वापरणाऱ्यांना आधारदोर कपाळाच्या उंचीवर बांधायला आणि ढील ठेवू नये असे सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे.

येथे एक गोष्ट पाहा. या तिन्ही उत्तरांत झाडाची उंची कोठेच आली नाही. दोर तुटत नसेल, तर ३ मीटरवर काय किंवा ३० मीटरवर काय, झटका तेवढाच बसेल. तो ठरतो ढिलीवरून.

ढील शून्य असली तरी झटका अगदीच नसतो. स्प्रिंगच्या तराजूला वजन हळूहळू न टांगता, स्प्रिंग न ताणता अडकवून एकदम सोडा. काटा क्षणभर सुमारे दुप्पट वजन दाखवतो. दोराचेही तसेच आहे. त्यातच सॅडलचा दोर मुद्दाम कमी ताणला जाणारा घेतात, नाहीतर शिकारी वरखाली झुलत राहील. गिर्यारोहकाला झेलणारा दोर वेगळा असतो. मोठा झटका बसला की तो ३० टक्क्यांच्या आसपास लांबतो आणि थांबण्याचे अंतर वाढवतो. सॅडलच्या दोराला हा गुण नाही. म्हणून त्यात ढील ठेवणे अधिकच वाईट.

पायाखालची फळी घसरत का नाही?

फळीला खाली पाय नसतात. वरच्या टोकाला खोडाभोवती पट्टा आणि खालच्या टोकाला खोडावर टेकणारी कड, एवढाच आधार. तरीही माणूस तिच्यावर उभा राहिला की ती अधिकच घट्ट बसते. असे का?

वहीत एक उभे खोड काढा. पट्टा आणि खालची कड यांतील उभे अंतर २० सेंटिमीटर धरा. माणूस खोडापासून काही अंतरावर पाय देतो. त्याचे वजन फळीला खाली झुकवू पाहते. त्यामुळे वरचा पट्टा खोडाच्या मागच्या बाजूवर आवळला जातो आणि खालची कड पुढच्या बाजूवर दाबली जाते. आघूर्णांचा नियम लावला तर :

दाब × २० सेंमी = वजन × पावलाचे खोडापासूनचे अंतर

दोन ठिकाणी दाब आहे, म्हणून घर्षणही दोन ठिकाणी. फळी घसरू नये यासाठी दोन्ही घर्षणांची बेरीज वजनापेक्षा कमी होता कामा नये. गणित सोडवले की दोन्ही बाजूंचे वजन कटून जाते आणि उरते ते असे : पावलाचे खोडापासूनचे अंतर हे उभ्या अंतराला घर्षणगुणांकाच्या दुपटीने भागून येणाऱ्या संख्येइतके किंवा अधिक हवे.

म्हणजे माणूस ४० किलोचा असो की ९० किलोचा, पकड बसायची तर दोघांचीही बसते. घर्षणगुणांक ०.५ असेल, तर पाऊल खोडापासून निदान २० सेंटिमीटर दूर हवे. आता पाऊस पडला आणि घर्षणगुणांक ०.४ झाला असे समजा. हवे असलेले अंतर २५ सेंटिमीटर झाले. माणूस तोच, फळी तीच, पाऊलही तेथेच. पण पकड सुटते. ओल्या किंवा शेवाळलेल्या खोडावर चढू नये हा जुना सल्ला गणितातूनही असा निघतो. प्रत्यक्षातल्या फळीला दाते असतात आणि पट्टा आधीच करकचून आवळलेला असतो. तो आणखी आधार झाला. तरीही पूर्ण भार टाकण्यापूर्वी दोर ताठ ठेवून, एका पायाने दाबून पाहणे ही चढणाऱ्याची सवयच असावी लागते.

दोराचा वेढा आणि प्रुसिकची गाठ

दोर खोडाभोवती किंवा दुसऱ्या दोराभोवती गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर यांच्या नावाने या नियमाचे सूत्र ओळखले जाते. घर्षणगुणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्याने एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या सुमारे २.६ पट होऊ शकतो, एका वेढ्याने ६.६ पट, दोन वेढ्यांनी ४३ पट आणि तीन वेढ्यांनी २८५ पट! धक्क्यावर बोट बांधणारा खलाशी खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन निर्धास्त असतो, तो याच बळावर.

ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये एक गाठ प्रसिद्धीस आणली. जाड दोरावर बारीक दोरीच्या फासाचे दोन-तीन वेढे द्यायचे. भार नसताना ही गाठ हाताने सहज वरखाली सरकते. भार पडला की वेढे आवळतात आणि ती जागच्या जागी रुतते. सॅडलच्या आधारदोरावर हीच गाठ असते. तिच्यामुळे दोराची लांबी क्षणात कमीजास्त करता येते, म्हणजेच ढील काढून टाकता येते. फासाची दोरी मूळ दोरापेक्षा बारीक हवी, नाहीतर वेढे नीट चावत नाहीत.

मात्र एक धोका ओळखून असावे. घसरताच माणूस घाबरून हाताशी येईल ते घट्ट धरतो. त्याच्या मुठीत ही गाठ आली, तर मूठ तिला खाली ओढत नेते, वेढे आवळत नाहीत आणि गाठ दोरावरून सरकतच राहते. तोल गेल्यास गाठ धरायची नाही, हे आधी जमिनीजवळ सराव करून अंगवळणी पाडावे लागते.

वायरमनचा दोर काय करतो आणि काय करत नाही

चढताना शिकारी वायरमनच्या दोरावर मागे रेलतो. दोर त्याला खोडाकडे ओढतो, पाय खोडाकडे दाबले जातात आणि दोन्ही हात शिडी बांधायला मोकळे राहतात. पण पाय सुटले तर? शरीर खोडाकडे झुलते, दोर सैल पडतो आणि खोडावरचा त्याचा दाब नाहीसा होतो. दाब नाही तर घर्षण नाही. मग दोर माणसासकट खोडावरून खाली घसरू शकतो. थोडक्यात, हा दोर काम करताना तोल सांभाळण्यासाठी आहे. पडणाऱ्याला झेलण्यासाठी नाही. म्हणून जाणकार लोक चढतानाही आधारदोर डोक्याच्या पातळीवर खोडाला बांधून ठेवतात आणि दर पावलागणिक तो वर सरकवतात.

सर्वांत नाजूक क्षण येतो तो बदलाचा. मध्ये फांदी आली की वायरमनचा दोर तिच्यावरून नेण्यासाठी सोडावा लागतो. वर पोचल्यावर त्या दोरावरून आधारदोरावर जायचे असते. उतरताना पुन्हा उलट. अशा वेळी नियम एकच : नवा दोर अडकवून, त्यावर भार टाकून पाहिल्याशिवाय जुना सोडायचा नाही. जमिनीवरून पाय उचलल्यापासून ते पुन्हा जमिनीला लागेपर्यंत, निदान एक दोर सदैव ताठ हवा. धनुष्य आणि पिशवी शिकारी पाठीवर घेत नाही. वर स्थिर झाल्यावर बारीक दोरीने ओढून घेतो. त्यामुळे चढताना हात मोकळे राहतात आणि पडलाच तर अंगाखाली टोकदार वस्तू येत नाही.

आकडे कडीवरचे आणि झीज दोराची

कॅराबिनरवर बारीक अक्षरांत किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांचे वजन पेलेल इतके बल. पण तीच कडी आडवी ओढली गेली किंवा तिचे फाटक उघडे राहिले, तर आकडा ७ च्या आसपास येतो. फाटकाला कुलूप का लागते, ते आता लक्षात येईल.

दोराचेही असेच आहे. गाठीजवळ तीव्र वळण असल्याने तेथे त्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे कमजोर होतात. वर्षभर झाडावरच राहिलेला पट्टा खारी कुरतडतात. शिवाय खोड जाड होत जाते, तसा तो आधीच ताणला जातो. म्हणून साहित्य दरवेळी काढून आणावे आणि चढण्यापूर्वी बोटांनी चाचपून पाहावे. झाडही जिवंत, सरळ आणि पोखरलेले नसलेले निवडावे. खोड मोडले, तर त्याला बांधलेल्या दोराचा उपयोग काय?

आणखी एक इशारा. दोराने झेलले म्हणजे सुटलो, असे नाही. माणूस पट्ट्यात हालचाल न करता लटकत राहिला, तर पायांतले रक्त वर येईनासे होते आणि काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. चालताना पायाचे स्नायू रक्त वर ढकलतात. लटकताना ते काम थांबते. म्हणून पाय हलवत राहावे, आणि जवळ एक जादा प्रुसिकचा फास ठेवावा, त्यात पाय देऊन उभे राहता येते. एकट्याने जायचे नाही, आणि कोठे जातो ते घरी सांगून जायचे, हेही त्यातलेच.

आपल्या नारळाकडे

कोकणात आणि गोव्यात नारळावर चढणारे कुशल लोक दोन्ही पायांत दोरीचा वेढा अडकवून खोडाला पायांच्या तळव्यांमध्ये दाबतात. दोरीमुळे पाय एकमेकांपासून फाकत नाहीत, दाब वाढतो आणि त्याबरोबर घर्षणही. काही ठिकाणी खोडावर खाचा पाडलेल्या असतात. पकडीची ही युक्ती उत्तम आहे, पण पकड सुटली तर पुढे काय, याचे उत्तर तिच्यात नाही. केरळात कन्नूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील जोसेफ यांच्या नावाने ओळखले जाणारे चढण्याचे यंत्र लोकप्रिय झाले. खोडाभोवतीचा तारेचा दोर पायाखालच्या भाराने आवळला जातो, म्हणजे आपल्या फळीचेच गणित. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तेथे तरुण-तरुणींना यंत्राने चढण्याचे शिक्षणही दिले. तरीही यंत्र म्हणजे पायाची पकड. तिच्या जोडीला कमरेवरून जाणारा, ताठ ठेवलेला वेगळा दोर हवाच. आपल्या गावात नारळ किंवा माड चढणाऱ्याच्या कमरेला असा दोर असतो का, ते पाहा.

करून पाहा

झाडावर चढण्याचा सराव शिकवणाऱ्या जाणकाराशिवाय करू नये. ढिलीचा परिणाम मात्र वर्गातही दिसतो. शिवणाचा साधा सुती दोरा ३० सेंटिमीटर लांब घ्या. एक टोक टेबलाच्या कडेला पक्के बांधा, दुसऱ्याला २०० ग्रॅमचे वजन बांधून अलगद सोडा. दोरा तुटत नाही. खाली कापडाची घडी ठेवा आणि वजन ५, १०, २० सेंटिमीटर असे वाढत्या उंचीपर्यंत उचलून सोडत जा. दरवेळी नवा दोरा घ्या, आणि तो किती ढिलीला तुटतो त्याची नोंद करा. नंतर दोरा आणि वजन यांच्यामध्ये एक रबरबँड घालून तोच प्रयोग पुन्हा करा. दोरा आता का टिकतो? वरच्या सूत्रातील कोणती राशी बदलली? उत्तर वहीत लिहा, आणि जमल्यास नारळ काढायला येणाऱ्यालाही हा प्रयोग दाखवा.